तारे टिपायला उंच नाही, जाड पायांचा ट्रायपॉड लागतो

तुम्ही नेरूळला राहता. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा आहे, १४ मिमी एफ २.८ लेन्स आहे. वांगणीला दोनदा आणि माळशेजला एकदा जाऊन आलात. वांगणीच्या फोटोंत तारे जुळे आले, माळशेजच्या फोटोंत नागमोडी. सध्याचा ट्रायपॉड किलोभर वजनाचा, पाच टप्प्यांचा, मिटल्यावर ३५ सेंमी, आणि खोक्यावर ‘क्षमता ८ किलो’ असं छापलेलं. पुढे ५० आणि १३५ मिमी लेन्सवर काम करायचंय, एक लहान ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) घ्यायचाय, आणि पुढच्या वर्षी लडाखमधल्या हानलेला जायचंय. पंधरा-वीस हजारांत कोणता ट्रायपॉड घ्यावा, आणि तो लोकलमधून, विमानातून नेता येईल का, असा प्रश्न आहे.

मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण मॉडेलं दरवर्षी बदलतात. काय मोजायचं ते एकदा कळलं की दुकानात तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. त्याआधी तुमच्या फोटोंबद्दल बोलतो, कारण जुळे तारे आणि नागमोडी तारे हे दोन निराळे आजार आहेत आणि दरवेळी नवा ट्रायपॉड हाच उपाय नसतो.

फोटो १०० टक्के मोठा करा आणि ताऱ्यांच्या आधी जमीन बघा. झाडाची फांदी, डोंगराची कड, दूरच्या गावातला दिवा. जमीन धारदार आणि तारे तेवढे लांबट असतील तर ती पृथ्वी फिरल्याची रेघ आहे, ट्रायपॉडचा काही दोष नाही. ही रेघ ध्रुवताऱ्याजवळ आखूड आणि मृगाच्या पट्ट्याकडे सगळ्यात लांब दिसते. जमीन आणि तारे दोन्ही एकाच दिशेला, एकाच आकारात बिघडले असतील तर कॅमेरा हलला. सगळेच तारे मऊ गोल ठिपके झाले असतील तर फोकस चुकला. मधले तारे ठीक आणि कोपऱ्यातल्यांना पंख फुटलेले, तर तो लेन्सचा दोष, त्याला कोमा म्हणतात, आणि त्यावर ट्रायपॉड काहीच करू शकत नाही.

आता हललेल्या फोटोंतही फरक असतो. फक्त ज्येष्ठा किंवा स्वातीसारख्या ठळक ताऱ्यांना बारीक शेपूट आलं असेल आणि मंद तारे स्वच्छ असतील, तर कॅमेरा क्षणभरच थरथरला. २० सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये तो एक सेकंद थरथरला तर त्या वेळात एकूण प्रकाशाचा विसावा हिस्सा पडतो. मंद ताऱ्याचा तेवढा प्रकाश उमटतच नाही, ठळक ताऱ्याचा उमटतो. हे शटर दाबताना लागलेल्या बोटाचं काम. सेल्फ टायमर दोनऐवजी दहा सेकंदांवर ठेवा, प्रश्न मिटतो. सगळेच तारे नागमोडी असतील तर थरथर एक्सपोजरभर चालू होती, म्हणजे वारा. माळशेजला तुम्हाला तेच झालं. आणि सगळेच तारे जुळे असतील तर ती थरथर नव्हेच. कॅमेरा काही सेकंद एका जागी होता, मग सरकला आणि दुसऱ्या जागी थांबला. कॅमेरा ज्या गोळ्यावर वळतो ते बॉल हेड खाली बसलं, कॅमेऱ्याखालच्या प्लेटचा स्क्रू सैल होता, पायाचं लॉक हळूच घसरलं किंवा शेताच्या भुसभुशीत मातीत एक पाय रुतला, यांपैकी काहीतरी. वांगणीला भाताच्या खाचरात उभे असाल तर शेवटचं कारण मी आधी तपासेन.

हे सरकणं किती बारीक असतं याचा अंदाज असायला हवा, कारण डोळ्यांना ते दिसत नाही आणि म्हणून माणूस विश्वास ठेवत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा. १४ मिमी लेन्सवर त्यात आकाशाचा सुमारे ८८ विकलांचा (एक अंश म्हणजे ३६०० विकला) तुकडा बसतो. एक मीटर लांबीची काठी कल्पा, तिचं टोक ०.४३ मिमी सरकलं की तेवढा कोन होतो. म्हणजे १४ मिमीवर थोडीफार डुगडुग खपून जाते. ५० मिमीवर तीच मर्यादा ०.१२ मिमीवर येते. १३५ मिमीवर एक पिक्सेल म्हणजे फक्त ९ विकला, काठीच्या टोकाला ०.०४५ मिमी. झेरॉक्सचा कागद ०.१ मिमी जाड असतो, त्याच्या निम्म्याहून कमी. जो ट्रायपॉड आज १४ मिमीवरच रडतोय, त्याच्यावर १३५ मिमी लावण्याचा विचारही करू नका.

त्यामुळे पहिली गोष्ट बघायची ती पायांची जाडी. खोक्यावरच्या किलोंकडे बघू नका. ‘क्षमता ८ किलो’ याचा अर्थ तेवढं वजन ठेवल्यावर ट्रायपॉड कोसळत नाही एवढाच, आणि तो आकडा कसा मोजायचा यावर सगळे उत्पादक पाळतात असा एकच नियम नाही. आपलं सामान किती असतं? कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलोच्या आसपास. कोसळण्याची भीती कधीच नसते, भीती असते लवण्याची आणि थरथरण्याची.

नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो, भिंतीची जाडी तेवढीच धरली तर. २२ मिमीच्या नळीपेक्षा २८ मिमीची नळी दिसायला फक्त सहा मिमीने जाड, पण ताठपणात दुप्पट. लांबीचंही तसंच, पण उलट बाजूने: पाय दीडपट लांब केला तर तो तिपटीहून जास्त लवतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या की पाच टप्प्यांच्या छोट्या ट्रायपॉडमध्ये काय चुकतं ते कळतं. वरची नळी २८ मिमीची असली तरी प्रत्येक टप्प्याला तीन मिमी कमी होत होत शेवटची १६ मिमीच्या आसपास येते. तुमच्या ट्रायपॉडची वरची नळीच बहुधा २२ची असेल, म्हणजे जमिनीला टेकणारा टप्पा शाळेच्या पेन्सिलीपेक्षा थोडासाच जाड. सगळं वजन त्यावर, सगळा वारा त्यावर.

मग लोक म्हणतात, कमी टप्प्यांचा जाड ट्रायपॉड घेतला तर एक तर मिटल्यावर लांब राहतो, नाहीतर उघडल्यावर बुटका होतो. बुटका झाला तर होऊ द्या. माझं तुम्हाला मुख्य सांगणं हेच आहे: उंची सोडून द्या.

ट्रायपॉड डोळ्यांच्या उंचीचा असावा हा नियम लग्नातल्या, पक्ष्यांच्या, शहरातल्या फोटोंसाठी ठीक आहे. आकाशगंगा टिपताना कॅमेऱ्याचं तोंड वर असतं, म्हणजे त्याचा स्क्रीन जमिनीकडे झुकलेला. ट्रायपॉड छातीपर्यंत नेला तर फोकस करायला तुम्हालाच वाकून त्याच्याखाली जावं लागतं. तोच कमरेएवढा ठेवला आणि तुम्ही चटईवर बसलात तर स्क्रीन आपोआप नजरेसमोर येतो, थंडीत अंग आकसून बसता येतं, आणि शरीराचा वाऱ्याला आडोसाही होतो. १५ वर्षांत मी आकाशाचे जेवढे फोटो काढले त्यातले बहुतेक सगळे ८० ते १०० सेंमी उंचीवरून काढलेत. उंची खरंच हवी असते ती दोनच वेळा: पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात पठारावर गवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं तेव्हा, आणि गडाच्या तटाचा कठडा आडवा येतो तेव्हा. त्यासाठी मधला दांडा (तीन पायांच्या मधून वर सरकतो तो) न उचलता १२० ते १३० सेंमी पुष्कळ झाले.

मला हे नाणेघाटात कळलं. मार्चची अमावस्या होती, नानाच्या अंगठ्याच्या अलीकडे, कड्यापासून थोडं आत थांबलो होतो. तेव्हा माझ्याकडे तुमच्यासारखाच पाच टप्प्यांचा ट्रायपॉड होता, पाचही टप्पे उघडलेले, वर मधला दांडाही काढलेला. मार्चमध्ये आकाशगंगेचा गाभा मध्यरात्रीनंतर उगवतो. तो वृश्चिकेच्या शेपटीमागून वर यायला आणि कोकणातून कड्यावर चढून वारा यायला एकच गाठ पडली. मी चाळीसेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळे छान दिसत होते. पाणी प्यायला टॉर्चचा लाल दिवा लावला तेव्हा उजेड ट्रायपॉडच्या सगळ्यात खालच्या नळीवर पडला आणि मला तिची कड दुहेरी दिसली. नळी इतक्या जलद थरथरत होती की तिच्या दोन कडा झाल्यासारखं वाटत होतं. बोट लावलं तर बोटाच्या टोकाला मुंग्या आल्यासारखं झालं. त्याच जागी खालचे दोन टप्पे पूर्ण मिटवले, मधला दांडा खाली बसवला, कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात टाकला, कारण तो फडफडत होता, आणि मांडी घालून बसलो. त्यानंतरचे फोटो घरी मोठे करून बघितले, तारे टाचणीच्या टोकासारखे. ट्रायपॉड तोच, वारा तोच. फक्त पातळ नळ्या हिशेबातून गेल्या होत्या.

म्हणून दुकानात उंचीचा आकडा वाचताना ‘मधला दांडा न उचलता’ किती, तो बघा. जाहिरातीत बहुतेक वेळा दांडा उचललेली उंची छापतात. दांडा उचलला की तीन पायांवर मिळवलेला सगळा ताठपणा एका काठीवर येऊन संपतो. दांडा काढून टाकता येत असेल, नाहीतर आखूड दांडा बरोबर मिळत असेल, तर असा ट्रायपॉड नक्की पसंत करा. त्याने वजन वाचतं आणि पाय पसरून अगदी जमिनीलगतही जाता येतं.

दांड्याच्या खालच्या हुकाला सॅक टांगायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण वाऱ्यात टांगलेली सॅक लंबकासारखी झुलते आणि ट्रायपॉडला स्वतःच हलवते. तिचं बूड जमिनीला हलकं टेकेल इतका पट्टा लांब करा. वजन खाली खेचत राहतं, झोका बंद होतो. सॅकमधून सारखं काहीतरी काढावं लागणार असेल तर कापडी पिशवी जवळ ठेवा आणि तिथलेच दगड भरा. सह्याद्रीत दगडांना तोटा नाही.

आता जमीन. माळशेज, नाणेघाट, हरिश्चंद्रगड इथल्या कातळावर ट्रायपॉडच्या पायांना रबरी बूट सगळ्यात चांगले, धातूचे काटे घसरतात. शेतात आणि गवतात काटे उपयोगी. रुतणाऱ्या मातीत प्रत्येक पाय आधी हाताने दाबून बसवा, मग कॅमेरा चढवा, पाच मिनिटं तसाच सोडा आणि मगच फ्रेम लावा. वांगणीच्या जुळ्या ताऱ्यांवर एवढं केल्याने बराच फरक पडेल. सिमेंटच्या गच्चीवर मात्र ट्रायपॉड कितीही चांगला असला तरी शेजारून कोणी चाललं की स्लॅबमधून धक्का येतो. इमारतीच्या गच्चीवर लेन्सची तुलना करायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ट्रायपॉडचं डोकं, म्हणजे हेड, यावर लोक सगळ्यात कमी पैसे खर्च करतात आणि जुळे तारे बहुतेक वेळा तिथेच जन्माला येतात. स्वस्त बॉल हेड घट्ट केलं तरी हात सोडल्यावर केसभर खाली बसतं. कधी लगेच, कधी मिनिटाभराने. कॅमेरा जड बाजूला तिरका असेल तर जास्तच. तपासायचं असं: कॅमेऱ्यात दूरचा एखादा दिवा स्क्रीनवर दहापट मोठा करून अगदी मधे आणा, हेड घट्ट करा, हात काढा. दिवा उडी मारतो का बघा. मग घड्याळ लावून दोन मिनिटांनी पुन्हा बघा. तुमच्या घराच्या खिडकीतून खाडीपलीकडचा एखादा मनोऱ्याचा दिवा दिसत असेल तर तो यासाठी उत्तम. गोळा निदान ३५-३६ मिमी व्यासाचा असावा, आणि घर्षण कमी-जास्त करायची वेगळी चकती असावी, म्हणजे हेड सैल केल्यावर कॅमेरा धाडकन पडत नाही. अंधारात हे फार मोलाचं आहे.

प्लेट आर्का-स्विस पद्धतीची घ्या. आता जवळपास सगळे त्याच मापाच्या प्लेटा बनवतात, ट्रॅकरचं, कॅमेरा उभा-आडवा बसवायच्या एल ब्रॅकेटचं सामान त्यावर बसतं. रबराची जाड गादी असलेल्या प्लेटा टाळा, गादी दबत राहते आणि कॅमेरा सावकाश फिरतो. प्लेटचा स्क्रू बोटाने नाही, नाण्याने किंवा एलन कीने आवळायचा. ती एलन की सॅकच्या चेनला कायमची बांधून टाका. आडवा-उभा असे दोन स्वतंत्र दांडे असलेलं हेड प्रवासात नेऊ नका, ते डोक्यावर बघायला लागलं की त्याचा दांडा पायाला अडतो.

दुकानात काय करायचं तेही सांगतो. कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स बरोबर न्या. पाय पूर्ण उघडा, दांडा खाली. दोन्ही तळहात ट्रायपॉडच्या खांद्यावर ठेवून खाली दाबा, लॉक घसरतायत का बघा. मग तोच खांदा घड्याळाच्या दिशेने आणि उलट, थोडा पिळायचा प्रयत्न करा. चांगला ट्रायपॉड जवळजवळ पिळला जात नाही. बहुतेक स्वस्त ट्रायपॉड दाबताना टिकतात आणि पिळताना उघडे पडतात, कारण पाय खांद्याला जिथे जोडलेले असतात ते सांधे ढिले असतात. शेवटी कॅमेरा चढवून स्क्रीन दहापट मोठा करा, एका पायाला टिचकी मारा आणि चित्र शांत व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. एक-दोन अंकांत थांबलं पाहिजे.

घरी याहून चांगली परीक्षा करता येते. शाळेत शिक्षक वापरतात तो लेझर पॉइंटर कॅमेऱ्याच्या वर चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि चार मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा. ठिपका जिथे आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. टिचकी मारली की तो ठिपका भिंतीवर नाचतो. या अंतरावर तो १.७ मिमी सरकला म्हणजे १४ मिमी लेन्सवर एक पिक्सेल, आणि ०.१८ मिमी सरकला म्हणजे १३५ मिमीवर एक पिक्सेल. माझ्या जुन्या ट्रायपॉडवर ठिपका चार-पाच सेकंद नाचायचा. आत्ताच्यावर ‘एक’ म्हणेपर्यंत थांबतो. तसंच लावून अर्धा तास सोडा आणि परत या. ठिपका खुणेवरून खाली उतरलेला असेल तर हेड बसतंय. लेझर खिडकीबाहेर जाणार नाही आणि कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही एवढी काळजी घ्या.

कार्बन की ॲल्युमिनियम, यावर मी फार वेळ घालवणार नाही. कार्बन हलका, थरथर लवकर जिरवतो, थंडीत हाताला चटका देत नाही. त्याच मापाच्या ॲल्युमिनियमपेक्षा वजनात तीनशे-चारशे ग्रॅमचा फरक पडतो. पण २८ मिमीचं ॲल्युमिनियम आणि २२ मिमीचा कार्बन एकाच किमतीत समोर आले तर डोळे मिटून ॲल्युमिनियम घ्या. तुमच्या बजेटमध्ये जाड पायांचा आणि बऱ्या हेडचा ॲल्युमिनियम ट्रायपॉड बसतो. कार्बन हवाच असेल तर फोर्टमध्ये बोरा बाजारात वापरलेले मिळतात, तिथे सवड काढून जा. वापरलेला कार्बन घेताना प्रत्येक नळीवरून नखाची कड फिरवा, तडा असेल तर नख अडकतं. नाण्याने हलकं वाजवा, तिन्ही पायांचा आवाज सारखा यायला हवा. ॲल्युमिनियम चेपतं आणि ते दिसतं. कार्बन आतून फुटतो आणि एखाद्या रात्री अचानक तुटतो.

लॉक फिरवायचं की खटक्याचं, हे हाताच्या सवयीवर. मी फिरवायचं वापरतो, कारण ते सॅकच्या जाळीत अडकत नाही आणि सगळं उघडून साफ करता येतं. अंधारात ते घट्ट झालं की नाही हे दिसत नाही, म्हणून प्रत्येक पाय उघडल्यावर त्यावर एकदा भार देऊन बघायची सवय लावा. खटक्याचं लॉक बंद आहे की उघडं हे बोटाला लगेच कळतं, ज्यांना घाई असते त्यांना ते सोयीचं.

ट्रॅकरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरच्या देशांतले सल्ले इथे अर्धवटच लागू पडतात. ट्रॅकरचा आस ध्रुवताऱ्याकडे वळवावा लागतो, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाएवढाच वर असतो. नेरूळ, ठाणे, वांगणी, सगळीकडे १९ अंश. युरोपात तो पन्नासवर असतो. त्यामुळे तिथे ट्रॅकर उभा राहतो आणि आपल्याकडे जवळजवळ आडवा झोपतो. याचे तीन परिणाम होतात. उत्तरेला डोंगराची भिंत किंवा झाडी असेल तर ध्रुवतारा दिसतच नाही, म्हणून जागा निवडताना आधी उत्तर मोकळी बघा, आकाशगंगेची दक्षिण नंतर. दुसरं, कॅमेऱ्याचं सगळं वजन उत्तरेकडे पुढे येतं, म्हणून एक पाय बरोबर उत्तरेला ठेवायचा, नाहीतर ट्रायपॉड पुढे कलंडू शकतो. तिसरं, कॅमेऱ्याचा तोल सांभाळणाऱ्या उलट्या वजनाचा दांडा खाली फिरताना त्याच उत्तरेच्या पायावर आपटतो. त्यासाठी ट्रॅकरखाली पाच-सात इंचांचा आखूड खांब लावतात. तो नसेल तर मधला दांडा तेवढाच उचलायचा, आणि त्याचं लॉक पक्कं आवळायचं. मधला दांडा उचलायला मी परवानगी देतो तो एवढ्याच कारणाने. सगळं जोडून घरी गॅलरीत एकदा पूर्ण फिरवून बघा, कुठे काय आपटतं ते उजेडात कळलेलं बरं.

१३५ मिमीवर ट्रॅकर, वेज (ट्रॅकरला ध्रुवताऱ्याच्या उंचीएवढा झुकवणारा तळ), बॉल हेड, कॅमेरा, उलटं वजन असं सगळं मिळून चार-पाच किलो सहज होतात. तेव्हा २८ मिमी हे माझ्या मते कमीत कमी माप, ३२ असेल तर उत्तम. ट्रायपॉडच्या खांद्यावरचा स्क्रू ३/८ इंची हवा. हेड काढल्यावर ट्रॅकरचा वेज थेट त्यावर बसतो. मधे १/४ इंची अडॅप्टर घालायची वेळ आली की तिथे एक ढिला सांधा वाढतो.

नेण्याबद्दल. नेरूळहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आणि तिथून कर्जत लोकलने वांगणी, हा प्रवास तुम्ही केलाच आहे. संध्याकाळच्या गर्दीत सॅकच्या बाजूला बांधलेला ट्रायपॉड ठाण्याच्या पुलावर लोकांच्या कोपराला लागतो आणि कोणाच्या तरी पिशवीचा बंद त्यात अडकतो. मिटल्यावर ४५ ते ५० सेंमी होणारा ट्रायपॉड ४० लिटरच्या सॅकमध्ये उभा, पाठीच्या बाजूला, पूर्ण आत बसतो. हे माप धरा. ३५ सेंमीचा हट्ट सोडलात की चार टप्प्यांचे जाड पाय परवडतात. हेडसकट वजन १.७ ते २ किलो होईल. तुमच्या आत्ताच्या ट्रायपॉडपेक्षा ते किलोभर जास्त आहे, आणि माळशेजला गाडीतून उतरून दोनशे पावलं चालायचं असेल तर ते जाणवणारही नाही. हरिश्चंद्रगड चढताना जाणवेल. तिथे दोघा-तिघांत एकच चांगला ट्रायपॉड न्या आणि आळीपाळीने वापरा, तीन हलके नेण्यापेक्षा.

हानलेसाठी लेहपर्यंत विमान. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोंची मर्यादा असते, ती कॅमेरा आणि लेन्सांतच संपते. ट्रायपॉड चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका, हेड काढून वेगळं, मोज्यात घालून. काटे असतील तर ते हातातल्या बॅगेत राहू देऊ नका, तपासणीत अडवतील. बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र उलट, हातातच न्यायच्या, चेक-इनमध्ये चालत नाहीत. हानले साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे, डिसेंबर २०२२ मध्ये त्या परिसराला डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपायचं राखीव क्षेत्र, म्हणून अधिसूचित केलं. तिथे पठारावर वारा मोकळा सुटतो आणि दम लागतो, त्यामुळे वजन उचलण्याचा त्रास आणि वजनाची गरज दोन्ही वाढतात. ट्रायपॉड हलका न्या असं मी म्हणणार नाही. दगड भरायची रिकामी कापडी पिशवी न्या. ॲल्युमिनियमचे पाय असतील तर वरच्या दोन नळ्यांना सायकलच्या हँडलची फोमची नळी चढवा, थंडीत त्या उघड्या हाताने धरता येत नाहीत. ध्रुवतारा तिथे ३३ अंशांवर असेल, तेव्हा वेजची खूण बदलायला विसरू नका. त्याआधी सरावासाठी महाराष्ट्रातच जायचं असेल तर पेंच आहे, जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

काशीद, दापोलीकडे समुद्रावर गेलात तर सगळ्यात खालचा टप्पा आधी चार बोटं उघडा, म्हणजे त्याचं लॉक वाळू-पाण्याच्या वर राहतं. घरी आल्यावर त्याच रात्री नळाच्या गोड्या पाण्याने धुवा, दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा. खाऱ्या हवेत ठेवलेलं ॲल्युमिनियम पांढरी पूड सोडतं आणि लॉक कायमचं करकरायला लागतं.

खरेदीला मात्र लगेच धावू नका. येत्या अमावस्येला वांगणीला जुनाच ट्रायपॉड न्या. वरचे दोनच टप्पे उघडा, मधला दांडा खाली बसवा, पाय मातीत दाबून घ्या, पट्टा काढा, प्लेट नाण्याने आवळा, लेन्सचं आणि बॉडीचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा, टायमर दहा सेकंदांवर. २० सेकंदांचे दहा फोटो काढा. तारे नीट आले तर तुमच्या १४ मिमीसाठी तो अजून पुरेसा आहे आणि खरेदी १३५ मिमीला डोळ्यांसमोर ठेवून, सावकाश करता येईल. तरीही जुळे आले तर हेड बदला आधी, पाय नंतर. आणि दुकानात जाल तेव्हा कॅमेऱ्याबरोबर मोजपट्टी न्या, सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या नळीचा व्यास स्वतः मोजा. वर २८, खाली १९ मिमीपेक्षा कमी असेल तर पुढचा दाखवा म्हणून सांगा.